राबणाऱ्या मशीनची खंडेनवमी

आमच्या शंभूला नाही म्हणता येत नाही. भावकीत कुणाचंही लग्न असो, गाड्या लावून घ्यायला शंभू, पंगतीत वाढायला शंभू, आणि नवरीच्या मामाचा चष्मा हरवला तर तो शोधायलाही शंभूच. अशाच एका मांडवात मी त्याला हाक मारली, म्हटलं, बाबा, आधी दोन घास खाऊन घे. ‘आलोच आत्या’ म्हणून जो गेला तो वऱ्हाड पांगल्यावर उगवला. तोवर पातेली घासायला गेली होती. मग मीच पिशवीत ठेवलेला लाडू त्याला दिला आणि वर चार शब्द ऐकवले. लाडू त्याने खाल्ला, शब्द वाऱ्यावर गेले.

मी सगुणा, त्याची आत्या. जन्मभर मुळशीतल्या शाळांतून शिकवलं आणि आता भावाच्या घरी असते. भूगावच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमचं घर. खाली आम्ही राहतो, वरच्या खोल्यांत हिंजवडीला जाणारी भाडेकरू पोरं. माझा दादा कुशाबा, म्हणजे शंभूचा बाप, अजून पहाटे उठून भातखाचरांना चक्कर मारून येतो. शंभू कॉम्प्युटर शिकला, हिंजवडीत एका कंपनीत लागला, गळ्यात ओळखपत्र अडकवून कॅबने जायला लागला. गावाला त्याचं कौतुक होतं, दादाला नव्हतं. ज्यात अंग तापत नाही ते काम नव्हेच, असा त्याचा हिशेब. “दिसभर बसून येतंय आन् म्हणतंय दमलो,” असं तो माझ्यापाशी बोलायचा. शंभूच्या तोंडावर कधी बोलला नाही, पण बापाच्या मनातलं पोराला कळल्याशिवाय थोडंच राहतं.

पुढे शंभूने नोकरी सोडली आणि ‘टोपलं’ नावाची वेबसाइट काढली. महाळुंगे-हिंजवडीच्या टॉवरांतल्या माणसांनी फोनवर भाजी, तांदूळ, फुलं निवडायची आणि आमच्या आसपासच्या वाड्यांतल्या शेतकऱ्यांनी तो माल ताजा तोडून पाठवायचा. मध्ये अडत्या नाही, कुणी नाही. शेतकऱ्यांच्या बाजूने बोलायला शेजारच्या वाडीचा माऊली होता. हा माणूस बोलतो कमी, पण त्याने मान हलवली की सगळी वाडी मान हलवते. शंभूच्या शब्दावर माऊलीने आणि बाकीच्यांनी पावसाळ्यात झेंडू लावला. थोडा गणपतीत येईल असा, आणि बराचसा दसऱ्याला.

गणपतीत फजिती झाली. का झाली ते मला स्नेहलने समजावून सांगितलं. स्नेहल ही शंभूची बायको, लातूरकडची, अजून हिंजवडीत नोकरी करते. टोपल्याचा सगळा कारभार भाड्याच्या एकाच मशीनवर चालायचा. हे मशीन मुंबईकडे कुठेतरी, आपण त्याचं तोंडही पाहायचं नाही. कुणी वेबसाइट उघडली की त्याला पान दाखवायचं, हे त्याचं मुख्य काम. पण शंभूने बाकीचंही सगळं त्याच्याच गळ्यात बांधलं होतं. ऑर्डर आली की गिऱ्हाइकाला मेसेज, शेतकऱ्याला मेसेज, बिल बनवणं, शेतकऱ्यांनी पाठवलेले अवजड फोटो लहान करणं, कुणाच्या शेतातून किती माल घ्यायचा त्याची बेरीज. हे उरकेपर्यंत बिचारं गिऱ्हाईक पान हलायची वाट बघत बसलेलं. एरवी माणसं थोडी असायची, खपून जायचं. गणपतीच्या आदल्या दिवशी अख्खे टॉवर एकदम फुलं मागायला आले आणि पान जे पांढरं पडलं ते पडलंच. शंभूने घाईघाईने मोठं मशीन भाड्याने घेतलं, तर थोड्या वेळाने तेही धापा टाकायला लागलं. लोक कंटाळून कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडे गेले.

माऊलीने अंदाजाने फुलं आधीच तोडून ठेवली होती. त्याच्या अंगणात झेंडूची रास लागली होती. सण उलटल्यावर ती त्याने शंभूच्या देखत उकिरड्यावर ओतली. शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

“दसऱ्याचं तेवढं बगू, शंभू,” तो म्हणाला. “त्या टायमालाबी असंच झालं तर मग आमी आपलं मार्केट यार्डाच्या टेम्पोवाल्याला सांगतो. राग मानू नको.”

राग कसला मानणार. शंभू घरी आला आणि पडवीत भिंतीला टेकून बसला. दसऱ्याचा झेंडू शेतात उभा होता, कळ्या धरत होता, आणि तो त्याच्या शब्दावर लावलेला होता. ही फुलंही उकिरड्यावर गेली तर टोपलं संपलंच, आणि वाडीत कुणी त्याच्या शब्दावर परत रोप लावणार नाही, हे तोही जाणून होता. मला त्याची कीव आली. रागही आला, कारण एकट्याने सगळं ओढायला याला सांगितलं कुणी होतं.

माझा राग मी गिळला, पण स्नेहलने गिळला नाही. “तू लग्नात जे करतोस ना, तेच त्या मशीनला शिकवलंयस,” ती म्हणाली. “दारात उभं राहून लोकांना या, बसा म्हणायचं आणि मध्येच पळत जाऊन वरणही ढवळायचं. मग दारातली माणसं परत जाणारच की. तुला मोठं मशीन नको, दुसरं मशीन हवंय. मागची सगळी कामं तिकडे हलव.”

“दुसरं आता कुठून आणू?”

तिने माळ्याकडे बोट दाखवलं. जुन्या कंपनीने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर शंभूने मोठ्या हौसेने घरी आणला होता आणि तो चादरीत गुंडाळून माळ्यावर पडला होता. मी तो भंगारवाल्याला द्यायच्या बेतात होते, हे मी तेव्हा बोलले नाही.

पितृपंधरवडा सुरू झाला होता. दादा म्हणाला, “ह्या दिसांत नवं काय सुरू करू ने.”

“नवं कुटं हाय, आबा,” शंभू म्हणाला. “कंपनीनं टाकून दिलेलं हाय. आपल्या फवारणीच्या पंपापक्षा जुनं.”

दादाला ते पटलं. एवढंच नव्हे, तर जागाही त्यानेच दिली, अवजारांच्या खोलीत. इन्व्हर्टर तिथेच, नेटची वायरही तिथूनच आत येते. विळे, कोयते, कुदळी, फवारणीचा पंप आणि मोटरचा जुना स्टार्टर यांच्या पंगतीत कॉम्प्युटर जाऊन बसला. घरातली ही एकच खोली अशी आहे की जिथे बसायला काही नाही.

मग शंभूने एकेक काम हलवायला घेतलं. पद्धत अशी की पहिल्या मशीनने आता फक्त ऑर्डर घ्यायची, मागचं काम काय आहे ते रांगेत लावायचं आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. आमच्या खोलीतल्या मशीनने त्या रांगेतलं एकेक काम उचलायचं, उरकायचं आणि पुढचं घ्यायचं. आधी त्याने नुसते फोटो हलवले. ते नीट चालल्यावर बिलं हलवली. मेसेज अगदी शेवटी, कारण त्यात चुकलं तर ओरडा जास्त. घटस्थापनेपर्यंत सगळं इकडे आलं होतं. वरच्या भाडेकरू पोरांनी जिन्यात बसून सगळ्यांनी एकदम वेबसाइट उघडून पाहिली, उगीच भारंभार ऑर्डरी टाकल्या, तरी पान बोट टेकवल्याबरोबर उघडत होतं. शंभू हसला. पण माऊली काही हसलेला नव्हता, आणि दसरा अजून पुढे होता.

त्याच सुमारास एकदा दादा विळा घ्यायला खोलीत गेला आणि मशीनसमोर थबकला. “हे काय करतंय हितं?” त्याने विचारलं.

“राबतंय, आबा. दिसत न्हाई, पर दिसरात राबतंय.”

दादाने त्याच्या अंगावर हात ठेवून पाहिला. “व्हय की,” म्हणाला, “तापलंय.” आणि पटल्यासारखी मान हलवून बाहेर गेला. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. विळा, कोयता, नांगराचा फाळ, जे जे म्हणून वर्षभर राबलं ते सगळं धुऊन पुसून ओळीने पाटांवर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दादा या बाबतीत फार कडक. कांदा चिरायला विळी मागितली तरी त्या दिवशी मिळत नाही. झेंडू तोडायची मात्र अडचण नसते, तो हातानेच खुडतात.

वहिनी, म्हणजे शंभूची आई, आणि मी ओटी भरायला देवीच्या देवळात गेलो. शंभू आणि स्नेहल सकाळीच महाळुंग्याला गेले होते, टॉवरांच्या गेटपाशी फुलं वाटायची जागा लावून घ्यायला. बेत असा होता की दुपारी दसऱ्याच्या ऑर्डरी बंद करायच्या. मग दुसरं मशीन बेरीज करून प्रत्येक शेतकऱ्याला मेसेज पाठवेल, की तुम्ही इतका झेंडू तोडा. दिवेलागणीपर्यंत तोडणी, मग टेम्पो निघणार.

ऑर्डरी आल्या, आणि गणपतीपेक्षा जास्त आल्या. वेबसाइट एकदाही अडखळली नाही. स्नेहल म्हणते, शंभू गेटपाशी उभा राहून लोकांना स्वतःहून सांगत होता, बघा ना उघडून, लगेच उघडतंय. तेवढ्यात माऊलीचा फोन आला.

“किती तोडू रं? मेसेज न्हाई आला.”

शंभूने फोनवर रांग उघडून पाहिली. सगळी कामं तुंबून पडली होती. सकाळपासून एकही पुढे सरकलं नव्हतं. आमच्या खोलीतलं मशीन गप्प होतं. त्याने दादाला फोन लावला, दादा उचलेना. मला लावला, तर माझा फोन पिशवीत आणि देवळात आरती जोरात. वरची भाडेकरू पोरं सणाला आपापल्या गावी गेलेली. स्नेहलने विचारलं, मेसेज परत पहिल्या मशीनवरून पाठवायचे का? शंभू नाही म्हणाला, कारण भाजीच्या ऑर्डरी चालूच होत्या, ते पुन्हा गुदमरलं असतं. दोघं गाडीत बसले. चांदणी चौकात सणाची गर्दी, गाडी मुंगीच्या पावलांनी. माऊलीचा फोन परत आला, आणि त्यानंतर आला नाही. न आलेल्या फोनचीच धास्ती जास्त वाटली, असं शंभू मला नंतर म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे तो उकिरडा होता.

वहिनी आणि मी देवळातून येऊन पायऱ्या चढतोय तोवर शंभूची गाडी आली. शंभू धावतच अवजारांच्या खोलीकडे गेला आणि आम्ही त्याच्या मागे.

खोली शेणाने सारवल्यासारखी लख्ख. पाटांवर विळे, कोयते, कुदळी ओळीने मांडलेल्या. त्या ओळीत मधोमध कॉम्प्युटर, स्वच्छ पुसलेला, कपाळावर म्हणावं अशा जागी हळदकुंकू, आणि त्याला झेंडूची जाड माळ. वायरी गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. त्याच्या शेजारी दादाचा फोन, त्यालाही कुंकू. आणि समोर मांडी घालून दादा, उदबत्तीच्या वासात, अगदी तृप्त.

“आबा, ह्याला बंद कुणी केलं?”

“मी. पूजा न्हाई करायची? पंधरवडाभर राबलंय. आज त्याचाबी इसावा.” मग फोनकडे बघून म्हणाला, “ह्यो लई वेळ वाजत हुता, पर पूजेतल्याला हात कसा लावायचा.”

मला वाटलं, आता पोरगा फुटतो. मी असते तर फुटले असते. पण शंभू खाली बसला, दादाच्या समोर.

“आबा, समद्यांचे मेसेज ह्याच्याकडं अडकल्यात. माऊली वावरात उभा हाय. किती तोडायचं ते त्याला ठावं न्हाई.”

दादाचा चेहरा एकदम उतरला. गणपतीतल्या उकिरड्याची हकीकत त्यालाही ठाऊक होती. तो मशीनकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “म्हंजी परत बुडालं? माज्यापायी?”

“न्हाई,” शंभू म्हणाला. मग थांबला आणि पुन्हा म्हणाला, “न्हाई, आबा. कायबी बुडालं न्हाई. ऑर्डरी समद्या आल्यात. कामं रांगेत थांबल्यात. हे उठलं की एकेक करून जात्याल.” बोलता बोलता त्याचाच चेहरा मोकळा झाला. गाडीत सबंध वाटभर त्याला गणपतीच दिसत होता. तेव्हा सगळं एकाच्या गळ्यात होतं, ते पडलं आणि सगळं गेलं. आज एकजण झोपला होता तरी दुसरा दारात उभा राहून लोकांना या, बसा म्हणत होता, आणि उरलेलं काम न सांडता वाट पाहत होतं. हे त्याला त्या पाटासमोर बसल्यावर उमगलं.

“मग उद्या दसरा उजाडला की लाव,” दादा म्हणाला.

“न्हाई, आबा. उद्यापतुर थांबता येनार न्हाई.”

शंभूने बापाला नाही म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आवाज चढलेला नव्हता, पण मागे हटणाराही नव्हता.

दादाने तबकातल्या अक्षता उचलल्या, मशीनवर वाहिल्या आणि हात जोडले. त्याने उत्तरपूजा करायला घेतली होती, आणि तीही फक्त त्या एकट्याची. बाकीची अवजारं जागच्या जागी राहिली. मग दोन्ही हातांनी धरून, विसर्जनाच्या आधी गणपतीला हलवतात तसं, त्याने मशीन पाटावर जरासं सरकवलं.

“ऊठ बाबा,” तो त्याला म्हणाला. “लोकं खोळंबल्यात.” आणि शंभूला म्हणाला, “लाव.”

शंभूने माळ उतरवली, नाहीतर पंख्यात फुलं गेली असती. वायरी जोडल्या, बटण दाबलं. मशीन घरघरलं, थोडा वेळ विचार केल्यासारखं गप्प राहिलं, आणि मग स्नेहलने शंभूच्या फोनवर पाहून सांगितलं, रांग हलली. ती मोठ्याने आकडे वाचायला लागली, इतकी कामं उरली, इतकी उरली, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या ओटीची ताटं हातात धरून तशाच उभ्या. काय चाललंय ते वहिनीला कळत नव्हतं, तरी आकडा उतरला की ती माझा दंड दाबायची.

माऊलीचा फोन आला. “आलं,” एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. त्याच्या मागून वाडीतल्या सगळ्यांचे तसेच आले, कुणाचं आलं, कुणाचं पोचलं. मला रडू आलं. यात लपवायचं काय, आलं. दादा उठून बाहेर गेला आणि अंगणात उगाच पाणी मारत राहिला.

अंधार पडायच्या आत टेम्पो भरून गेले. दसऱ्याच्या सकाळी टॉवरांच्या दारादारांवर आमच्या वाड्यांतल्या झेंडूची तोरणं होती. शंभू परत आला तो घसा बसवूनच. शेतात फक्त कळ्या उरल्या होत्या, उकिरड्यावर एक फूल गेलं नाही. माऊली मात्र बरं-वाईट काही बोलला नाही. संध्याकाळी सोनं द्यायला आला, शंभूच्या हातात आपट्याची पानं ठेवली, चहा घेतला आणि गेला. आता तो टोपल्यात राहतोय की टेम्पोवाल्याला सांगतोय, हे विचारायचा धीर शंभूला झाला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अवजारांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. “त्याचा इसावा ऱ्हायलाय,” म्हणाला. “मधीच उठवला आपण.”

मला वाटलं शंभू टाळेल. तो म्हणाला, “करा बंद. आज घाईचं काय न्हाई. येईल ते ऱ्हाईल रांगेत.”

दादाने मशीन बंद केलं. परवाची सुकत आलेली माळ पुन्हा त्याच्यावर ठेवली. मग मागे वळून त्याने शंभूकडे नीट पाहिलं. डोळे लाल, दाढी वाढलेली, उभ्या उभ्या डुलत होता. दादाने पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून राहिला.

“तूबी तापलायस,” म्हणाला. “पड जरा. फोन हिकडं दे.”

शंभूने मुकाट्याने फोन दिला. इतक्या वर्षांत बापाने त्याच्या कामाला एवढंच प्रमाणपत्र दिलं, आणि ते त्याला पुरलं. पडवीत चटईवर आडवा झाला तो लगेच घोरायला लागला. स्नेहलने त्याच्या अंगावर चादर टाकली, मशीन ज्या चादरीत गुंडाळलेलं होतं तीच. मी पोहे केले होते, ते झाकून ठेवले.

दुपारी शंभूचा फोन दादाच्या खिशात वाजला. दादाने तो काढून कानाला लावला. माऊली पहिल्यापासून फोनवर ओरडून बोलतो, त्यामुळे मला पायरीवर बसून सगळं ऐकू येत होतं.

“शंभू हाय का? दिवाळीच्या झेंडूचं इचारायचं हुतं. टोपल्यासाठी किती धरू?”

दादाने चटईवर झोपलेल्या पोराकडे पाहिलं.

“निजलाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुजं रांगेत लावलंय. उठला की करल फोन.”

मग फोन परत खिशात घातला आणि शंभूच्या उशाशी, ऊन येणार नाही अशा बेताने, बसून राहिला.